जालन्याचा हापसा

अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी हे नाव २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे देशभर पोचलं. त्याआधी जालना जिल्ह्याबाहेर ते फारसं कुणाला माहीत नव्हतं. वडीगोद्रीजवळचं, धुळे-सोलापूर महामार्गापासून थोडं आत असलेलं हे गोदाखोऱ्यातलं गाव. या पट्ट्याची एक जुनी गोष्ट मात्र त्या बातम्यांच्या कितीतरी आधी जगभर गेलेली आहे, आणि ती इथल्याच लोकांना कमी माहीत आहे. ती गोष्ट हापशाची आहे.

शाळेच्या आवारात, देवळामागे, वस्तीच्या तोंडाशी जो लोखंडी हापसा उभा असतो, त्याला सरकारी कागदात ‘इंडिया मार्क टू’ म्हणतात. दिल्लीत किंवा मद्रासमध्ये बसलेल्या कुणा तज्ज्ञानं तो कोऱ्या कागदावर काढला, अशी समजूत होणं साहजिक आहे. पण त्याची वंशावळ मागे नेत गेलं की सोलापूर लागतं, नगर जिल्ह्यातलं वडाळा लागतं, आणि जालना लागतं. या तिन्ही ठिकाणी तो घडवणारी मंडळी ख्रिस्ती मिशनांच्या किंवा त्यांच्याशी जोडलेल्या संस्थांच्या कामात होती. परदेशातून आलेले तंत्रज्ञ आणि त्यांच्याबरोबर राबणारे इथले वेल्डर, फिटर, बोअरच्या गाडीवरचे कामगार. प्रवचनापेक्षा पाना आणि पट्टी हातात घेऊन वर्षानुवर्षं एका जागी थांबलेली ही माणसं. त्यांच्या थांबण्याचा आणि हापसा टिकाऊ होण्याचा थेट संबंध आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि तेच इथे मांडायचं आहे.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. मराठवाडा, नगर, सोलापूर हा सगळा काळ्या पाषाणाचा प्रदेश. लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेल्या या खडकात पाणी नदीकाठच्या वाळूसारखं सगळीकडे भरलेलं नसतं. ते भेगांत, सांध्यांत, दोन थरांमधल्या झिजलेल्या मुरमात असतं. आपल्या बापजाद्यांच्या विहिरी वरच्या झिजलेल्या थरातलं पाणी धरत. लागोपाठ दोन वर्षं पाऊस हुकला की तो थर सुकतो आणि खाली पाषाण लागतो. सुरुंग लावून विहीर खोल करायची म्हणजे महिने आणि पैसा. गावाला पाणी मात्र आजच लागतं.

साठच्या दशकात दाबाच्या हवेवर चालणारी छिद्रणयंत्रं भारतात आली. यात हातोडा छिद्राच्या तळाशी, थेट खडकावर ठोके घालतो आणि फुटलेला चुरा हवेच्या झोताबरोबर वर फेकला जातो. जुन्या पद्धतीनं ज्या बोअरला आठवडे लागत, ती पाषाणातही एक-दोन दिवसांत होऊ लागली. बिहारच्या १९६६-६७ च्या दुष्काळानंतर युनिसेफनं अशी यंत्रं मोठ्या प्रमाणावर आणली. महाराष्ट्रात काही ख्रिस्ती संस्थांनी हे काम स्वतंत्रपणे हाती घेतलं होतं. जालन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडचं मिशन जुनं होतं. त्याच्या कामात बोअर मारणं आलं. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. वेगळा जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. पुढे बहात्तरचा दुष्काळ आला, आणि बोअर हा शब्द खेड्यापाड्यांत रुळला.

बोअर झाली, पाणी लागलं, पण ते वर काढायचं कशानं? बोअरमध्ये पोहरा सोडता येत नाही. गावोगाव वीज पोचलेली नव्हती. राहिला हातपंप. बाजारात मिळणारे हातपंप बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे होते. युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांच्या अंगणात एका कुटुंबासाठी जे पंप बसत, त्यांच्या त्या नकला होत्या. तिथे दिवसातून दोन-चार बादल्या निघत. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत दोनशे-तीनशे माणसं त्याच दांड्यावर. दांड्याच्या सांध्यांतल्या पिना झिजत, भोकं अंडाकृती होत, बीड तडकत असे, आणि तडकलेल्या बिडाला गावात वेल्डिंगही धड होत नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर युनिसेफनं पाहणी केली तेव्हा बसवलेल्या हातपंपांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश बंद होते. एवढा पैसा ओतून खणलेल्या बोअरांवर गंजलेले सांगाडे उभे होते. काही लोकांना वाटू लागलं की दोष गावकऱ्यांचा आहे, त्यांना यंत्र वापरता येत नाही. जालना-सोलापूरच्या कारखान्यांतल्या लोकांनी तसं मानलं नाही. त्यांनी मोडलेले पंप उचलून आणले, उघडले आणि कुठे काय झिजतं ते पाहिलं.

मग जे बदल होत गेले ते एका माणसाचे किंवा एका गावाचे नाहीत. जालन्याला एक नमुना झाला. वडाळ्याच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यावर काम झालं. जालना आणि वडाळा या दोन नावांच्या जोडातून ‘जालवाड’ नावाचा पंपही निघाला. पुढे सोलापूर वेल सर्व्हिस या संस्थेत जो पंप तयार झाला तो ‘सोलापूर पंप’ म्हणून गाजला. त्याच्या संदर्भात ऑस्कर कार्लसन यांचं नाव घेतलं जातं. जालना ते सोलापूर या वाटेवर पंपात जे बदल झाले, ते समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला बदल धातूचा. बिडाऐवजी पोलादी पत्रा आणि पट्ट्या कापून, वेल्ड करून डोकं बनवायचं. पोलाद वाकतं, एकदम तडकत नाही, आणि जिल्ह्याच्या गावातला कुठलाही चांगला वेल्डर ते सांधू शकतो. दुसरा बदल सांध्यांचा. जुन्या पंपाच्या दांड्याला दोन-तीन ठिकाणी खुंट्या असत आणि प्रत्येक खुंटी म्हणजे झिजेची एक जागा. त्या काढून एकच आस ठेवला, आणि त्यात बंद डब्यातले बॉल बेअरिंग बसवले. त्यांना रोज तेल घालावं लागत नाही. तिसरा बदल मला सगळ्यांत सुंदर वाटतो. दांडा गोल फिरतो, पण खाली बोअरमध्ये जाणारी सळई सरळ वर-खाली गेली पाहिजे. जुन्या पंपात सळईचं टोक दांड्याबरोबर थोडं पुढे-मागे डोलायचं आणि तोंड घासून टाकायचं. इथे दांड्याच्या पुढच्या टोकाला वर्तुळाच्या चकतीचा पाव भाग जोडला आणि त्यावरून एक साखळी सोडली, सळई त्या साखळीला टांगली. चकती कितीही फिरली तरी साखळी तिच्या कडेवरून नेहमी एकाच उभ्या रेषेत उतरते. हापशाच्या डोक्याचं झाकण उघडलं की ही साखळी दिसते.

चौथी गोष्ट पायाची. पंपाचं खोड बोअरच्या केसिंग पाइपवर नुसतं आवळून न ठेवता ते पाइपभोवती बसवून सिमेंटच्या ओट्यात पक्कं गाडायचं. त्यामुळे दांड्याचे हिसके केसिंगला बसत नाहीत, आणि ओट्यावर सांडलेलं घाण पाणी पुन्हा बोअरमध्ये उतरत नाही. ज्या मराठवाड्यात पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी भरताना नारूची लागण व्हायची, तिथे या बंद तोंडाचं मोल फार होतं. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. त्या यशात औषध फवारणीचा, गाळणीचा, आरोग्यसेवकांचा वाटा आहेच, हापशाचाही आहे.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय या रचनेची ताकद कळत नाही. जमिनीखाली पाण्यात बुडालेलं एक नळकांडं असतं, त्याची आतली रुंदी ६३.५ मिलिमीटर. त्यात वर-खाली होणारा दट्ट्या एका फेरीत साधारण १२५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे एका हापशाला चारशे मिलिलिटरच्या आत पाणी. पंधरा लिटरची घागर भरायला चाळीसेक वेळा हापसावं लागतं, हे ज्यांनी पाणी भरलं आहे त्यांचे खांदे सांगतील. पाणी तीस मीटर खोल असेल तर दट्ट्यावर उभ्या असलेल्या पाण्याचं वजन ९५ किलोच्या घरात जातं. शिवाय १२ मिलिमीटर जाडीच्या पोलादी सळयांचं २५-२७ किलो. हे सव्वाशे किलो हातानं उचलणं अशक्य. पण दांड्याचं गुणोत्तर आठास एक आहे, म्हणून हाताला पंधरा-सोळा किलोच लागतात. आणि दांडा भरीव लोखंडाचा असल्यानं त्याचं स्वतःचं वजन सळयांना तोलून धरतं, तेव्हा प्रत्यक्षात त्याहूनही कमी जोर पुरतो. दहा वर्षांची मुलगी लोंबकळून का होईना, पाणी काढू शकते. साखळीची एक मर्यादाही आहे. साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. दट्ट्या खाली जातो तो सळयांच्या वजनानं. त्यामुळे पाणी फारच वर असेल तर सळया हलक्या पडतात आणि हा पंप नीट चालत नाही. खोल पाण्याच्या, पाषाणाच्या मुलखासाठीच तो घडलेला आहे.

सोलापूर पंप बाकीच्यांपेक्षा टिकतो हे युनिसेफच्या ध्यानात आलं. पण तो छोट्या कारखान्यात बनत होता. लाखांनी बनवायचा तर प्रत्येक भाग दुसऱ्या कारखान्यातल्या भागाशी जुळला पाहिजे. म्हणून भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून त्याची पुढची आवृत्ती करायला घेतली. मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी आणि तिथलीच यांत्रिकी संशोधन संस्था यांनी नमुने घडवले. कोइमतूर जिल्ह्यात मुद्दाम पाणी खोल असलेल्या आणि गर्दी जास्त असलेल्या जागा निवडून त्यांची कसोटी घेतली. १९७७-७८ च्या सुमारास उत्पादन सुरू झालं आणि १९७९ मध्ये त्याचं भारतीय मानक निघालं, आयएस ९३०१. मोजमापाची कुठलीही गोष्ट झाकून ठेवली नाही. पेटंट नाही, स्वामित्वशुल्क नाही. मानकाची पुस्तिका घ्यावी आणि पंप बनवावा. म्हणूनच तो आफ्रिकेत गेला. युगांडात त्याचं रूप ‘यू-टू’ नावानं चालतं. तिथल्या काही आम्लधर्मी पाण्यात जस्ताचा मुलामा दिलेले पाइप गंजतात, पाणी तांबूस येतं, म्हणून पाइप बदलावे लागले. ऐंशीच्या दशकात पुन्हा कोइमतूरलाच चाचण्या होऊन ‘मार्क थ्री’ निघाला. त्यात पाइप रुंद केला, म्हणजे वायसर बदलायला सगळे पाइप बाहेर काढावे लागत नाहीत, दट्ट्या वरच्या वर ओढून घेता येतो. गावातल्या माणसाला गावातच दुरुस्ती करता यावी, हा त्यामागचा हेतू.

पण मूळ प्रश्न उरतोच. हा पंप इथेच का सुधारला? हुशार अभियंते सगळीकडे होते. मोठ्या कंपन्यांकडे जालन्यापेक्षा चांगली हत्यारं होती. माझ्या मते फरक मुक्कामाचा आहे. पंप विकणारा बिल घेऊन जातो. सल्लागार अहवाल देऊन जातो. जो माणूस त्याच तालुक्यात राहतो, त्याला आपण बसवलेला पंप आठ महिन्यांनी बंद पडलेला दिसतो आणि गावची बाई त्याला रस्त्यात अडवून विचारते, साहेब, हापसा कधी दुरुस्त करणार? दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तोच पंप त्याच जागी मोडला की ती झीज अपघात राहत नाही, रचनेतला दोष म्हणून समोर येते. हे समजायला वर्षं लागतात आणि ती वर्षं कुणीतरी द्यावी लागतात.

मिशनच्या कामाची घडण अशा मुक्कामाला सोयीची होती. पगार बेताचा, राहायला मिशनचं घर, काही वर्षांनी एकदा मायदेशी रजा. आधी भाषा शिकायची. मराठीच्या परीक्षा द्यायच्या, उन्हाळ्यात महाबळेश्वरला वर्ग असत. माणूस आला तर तीस-पस्तीस वर्षांच्या हिशेबानं येई. आणखी एक कारण राजकीय आहे आणि ते क्वचितच सांगितलं जातं. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांच्या प्रवेशाबाबत सरकारचं धोरण पन्नाशीच्या दशकात कडक झालं. नव्या येणाऱ्याकडे विशेष कौशल्य हवं आणि त्या कामाला योग्य भारतीय माणूस मिळत नसावा, अशा अटी आल्या. १९५६ मध्ये नागपूरला न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी समितीचा अहवाल निघाला आणि धर्मांतरावरचा वाद पेटला. परिणामी प्रचारकांपेक्षा डॉक्टर, शेतीतज्ज्ञ, अभियंते यांना वाव जास्त राहिला.

धर्मांतराचा मुद्दा टाळून हा इतिहास लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. मिशनला आपल्या धर्माचा प्रसार करायचा होता, हे त्यांनी कधी लपवलं नाही. सेवा आणि प्रसार यांची सरमिसळ झाली तेव्हा त्यावर टीका झाली, आणि गरजू माणसाच्या अडचणीचा वापर होऊ नये ही मागणी रास्तच होती. हापशाच्या बाबतीत मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्याची रचना शेवटी सरकारी मानकात गेली, सगळ्यांची झाली. पाणी भरणाऱ्याला कुणी जात-धर्म विचारण्याचा प्रश्न त्या यंत्रात उरला नाही. गावात तो उरला, आणि त्याचं उत्तर शोधलं जामखेडच्या डॉक्टर जोडप्यानं.

रजनीकांत आणि मेबल आरोळे हे दोघे १९६२ ते ६६ या काळात वडाळ्याच्याच मिशन दवाखान्यात होते. पुढे अमेरिकेत शिकून आले आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळात गावोगाव बोअर मारायच्या ठरल्या. बोअर कुठे घ्यायची हा निर्णय वरवर भूगर्भाचा दिसतो. त्यात गावची उतरंड लपलेली असते. आरोळ्यांनी असं जमवून आणलं की पाण्याची जागा दलित वस्तीतच निघेल. हापसा तिथे बसला. मग पाणी हवं असेल त्यानं वस्तीत यायचं, त्याच दांड्याला हात लावायचा. यंत्र कुठे उभं करायचं हाही रचनेचाच भाग असतो, हे मी तरी जामखेडकडून शिकलो. त्या दोघांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि जामखेड हेच त्या दोघांच्या आयुष्याचं काम राहिलं.

जालन्याच्या मिशनला हापशाआधी शंभर वर्षांचा इतिहास होता. त्याचा कर्ता पुरुष परदेशी नव्हता. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुटुंबातले तरुण, १८४३ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, १८५४ मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली, आणि साठीच्या दशकात ते निजामाच्या राज्यातल्या जालन्यात आले. दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं आखीव गाव वसवलं. धर्म बदलल्यानं वाळीत पडलेल्या, बहुतांशी दलित असलेल्या माणसांनी कुठे राहायचं, काय पिकवायचं, पोरं कुठे शिकवायची, या प्रश्नांचं त्यांनी दिलेलं उत्तर म्हणजे एक अख्खं गाव. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या धर्मपरिषदेत ते पागोटं बांधून बोलायला उभे राहिले, त्याचं तिकडे मोठं कौतुक झालं. १८९१ मध्ये त्यांचं निधन झालं. जवळजवळ तीस वर्षं जालन्याला दिलेल्या या माणसाबद्दल मराठीत किती कमी लिहिलं गेलं आहे.

मुक्काम असला म्हणजे यश मिळतंच असं नाही, हे नगरच्या मागाच्या गोष्टीवरून कळतं. डी. सी. चर्चिल हे मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रसंस्थेत शिकलेले अभियंते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनमध्ये नगरला आले. गिरणीपुढे हातमाग टिकायचा तर त्याचा वेग वाढला पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्यांनी नवा माग तयार केला. माग उत्तम होता, पण महाग आणि गुंतागुंतीचा. विणकरांनी त्यातला सगळा माग घेतला नाही. त्यांनी आपल्याच खड्ड्याच्या मागाला दोरीनं ओढून फेकला जाणारा धोटा जोडला, आणि तोच बदल सोलापूर-नगरपासून दूरवर पसरला. विणकराचं गणित सोपं होतं: खर्च थोडा, दुरुस्ती घरची. चर्चिल पुढे अमेरिकेला परतले; १९२२ मध्ये पत्नी एलेनॉर यांच्यासह त्यांनी केंटकी राज्यातल्या बेरिया इथे ‘चर्चिल वीव्हर्स’ काढलं, आणि ते २००७ पर्यंत चाललं. नगरमध्ये चाचपडलेली कल्पना केंटकीत फुलली. हापशाच्या मंडळींनी पोलाद, वेल्डिंग आणि गावचा मिस्त्री यांच्यापासून सुरुवात केली, त्याचं शहाणपण या उदाहरणाशेजारी ठेवलं की जास्त उठून दिसतं.

मुक्काम करून गावाकडूनच शिकणाऱ्यांत वास्तुरचनेतलं नाव आहे लॉरी बेकर यांचं. बर्मिंगहॅमचे हे क्वेकर तरुण १९४५ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या ख्रिस्ती मिशनचे वास्तुविशारद म्हणून भारतात आले. जुन्या कुष्ठधामांना दवाखान्याचं रूप द्यायचं काम होतं. इंग्लंडमध्ये शिकलेलं पुस्तकी ज्ञान माती, वाळवी, पावसाळा यांच्यापुढे उपयोगाचं नाही हे त्यांना लवकरच कळलं आणि ते गावच्या गवंड्यांकडून शिकायला लागले. मुंबईत गांधीजींची भेट झाली होती. घर जवळपास मिळणाऱ्या सामानातून बांधावं ही त्यांची शिकवण बेकरांनी आयुष्यभर पाळली. १९४८ मध्ये डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी लग्न, पिथोरागडला सोळा वर्षं, मग केरळ. जाळीदार विटांच्या भिंती, कमी सिमेंट, प्रत्येक घर मालकाशी बोलून. २००७ मध्ये तिरुवनंतपुरमला त्यांचं निधन झालं तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते आणि भारताचे नागरिक होते.

पाण्याकडे परत येतो, कारण हापशाची पुढची अडचण हापशात नव्हतीच. बोअर वाढल्या, विजेचे पंप आले, ऊस आणि मोसंबी आली, आणि भूजल खाली गेलं. उत्तम हापसा कोरड्या बोअरवर काय करणार? पाणी जमिनीत घालायचं काम वेगळं, आणि त्यासाठी नगरमध्ये एक माणूस आयुष्य घालवत होता. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू १९४८ मध्ये भारतात आले. १९८९ मध्ये त्यांच्या पुढाकारानं भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची कल्पना साकारली, १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटर’ ही संस्था उभी राहिली. माथा ते पायथा, सलग समतल चर, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान हे शब्द आज सरकारी योजनांतही सहज येतात. त्यांना कामाची शिस्त देण्यात या कार्यक्रमाचा मोठा हात आहे. मला त्यातली एक पद्धत फार मोलाची वाटते. आराखडा कार्यालयात बसून न करता प्रत्येक गट नंबरात त्या शेतकऱ्याला आणि त्याच्या बायकोला सोबत घेऊन उभं राहायचं, उतार आणि माती पाहायची, बांध कुठून न्यायचा हे तिथेच ठरवायचं. ज्याची जमीन, त्याची सही आराखड्यावर. बाखर २०२१ मध्ये वारले.

जालना तालुक्यातलं कडवंची हे याच कार्यक्रमातलं गाव. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या साथीनं तिथे १९९६ पासून काम झालं. पुढे शेततळी आणि द्राक्षबागा यांमुळे कडवंची पाहायला दूरदूरचे लोक येऊ लागले. इथे परदेशी पैसा आणि परदेशातून आलेल्या माणसाची कल्पना होती. पण मुक्काम बोराडे यांच्यासारख्या इथल्याच माणसांचा होता.

आज जगात अशा कामाला वाहिलेल्या संस्था आहेत. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत सुरू झालेली ‘इंजिनिअरिंग मिनिस्ट्रीज इंटरनॅशनल’ ही त्यांपैकी एक. वास्तुविशारद, अभियंते, भूमापक गरीब देशांतले दवाखाने, शाळा, पाणीयोजना यांचे आराखडे करून देतात. थोड्या आठवड्यांसाठी स्वयंसेवक येतात, पण युगांडासारख्या देशांतल्या कार्यालयांत वर्षानुवर्षं राहणारी माणसं असतात, त्यांचा निर्वाह बहुधा मायदेशातल्या देणगीदारांवर चालतो. काम खरं तोलून धरतात ती हीच माणसं. पाहुण्यानं काढलेल्या नकाशातली चूक पहिल्या पावसाळ्यात उघडी पडते, आणि तेव्हा उत्तर द्यायला जागेवर माणूस लागतो.

इकडे हापशाचं काय झालं? घरोघर नळाची योजना आली, पुष्कळ बोअरांवर विजेच्या मोटारी बसल्या आणि हापशाचं डोकं काढून बाजूला टाकलं गेलं. उन्हाळ्यात वीज गेली किंवा नळयोजनेची पाइपलाइन फुटली की लोक पुन्हा हापशाकडे वळतात, तेव्हा त्याला वायसर नसतो, साखळी तुटलेली असते. प्रत्येक गावात किमान एक-दोन हापसे चालू ठेवणं ग्रामपंचायतीला जड नाही. वायसरचा संच आणि साखळी या स्वस्त गोष्टी आहेत, आणि पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकात हे काम येणारे मिस्त्री अजून आहेत.

आणखी एक काम तातडीचं आहे. साठ-सत्तरच्या दशकात जालन्याला, वडाळ्याला, सोलापूरला ज्यांनी या पंपांची डोकी वेल्ड केली, बोअरच्या गाडीवर मुक्काम करत पाइप उतरवले, ते कामगार आज ऐंशीच्या पुढचे आहेत. युनिसेफच्या कागदांत त्यांची नावं नाहीत. जालन्याच्या अभियांत्रिकी आणि इतिहास विभागांतल्या विद्यार्थ्यांनी त्यांना शोधून विचारावं: पहिला पंप कुठल्या गावात बसला, पहिल्यांदा काय मोडलं, साखळी लावायची हे कुणी सुचवलं, पोलाद कुठून आणलं, मजुरी काय मिळायची. मिशनच्या जुन्या आवारांत एखादा जालना किंवा जालवाड पंप अजून पडलेला असेल तर तो भंगारात जाण्याआधी त्याची मापं घेऊन ठेवावीत.